करकरे साहेबांची लाकडं आणि कविताताईंचा प्रश्न

पूर ओसरला की इरई, अंधारी, वैनगंगा, प्राणहिता यांच्या काठाला काय काय येऊन लागतं, ते तुम्हाला सांगायला नको. सागाची उपटलेली खुंटं, ऐनाची मुळं, अर्धवट जळालेले ओंडके, कधी तर कुणाच्या गोठ्याचं अख्खं आडं. आपली नजर त्यात पहिल्यांदा काय बघते? चुलीत किती दिवस पुरेल ते. आणि त्यात चूक काही नाही. पण याच लाकडांकडे वेगळ्या नजरेनं बघणारा एक माणूस १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या चंद्रपुरात राहून गेला. हुद्दा जिल्हा पोलीस अधीक्षक, नाव हेमंत करकरे.

नाव वाचताच तुमच्या डोळ्यांसमोर मुंबई आली असेल. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, दूरदर्शनवर दिसलेलं ते हेल्मेट आणि अंगात चढवलं जाणारं जाकीट. त्या रात्रीबद्दल पुढं लिहितोच. पण त्याआधी चंद्रपूरचे करकरे बघा. जंगलभागात फिरस्ती करताना इथं त्यांना काष्ठशिल्पाचा छंद जडला. जंगलात पडलेलं वाळकं लाकूड, पाण्यानं वाहून आणलेलं मूळ उचलायचं, घरी आणून साफ करायचं, आणि त्यात दडलेला आकार मोकळा करायचा. हा छंद त्यांच्याबरोबर चंद्रपूरहून गेला आणि शेवटपर्यंत राहिला.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. मी शेतीखात्यातला माणूस, पदविकेच्या वर्गात झाडांबद्दल थोडंफार शिकलेला, म्हणून दोन शब्द सांगतो. झाड मरून पडलं की आधी साल सुटते. सालीखालचं कच्चं, पांढरं लाकूड हे वाळवीचं आवडतं खाणं. जिवंत झाडात याच पांढऱ्या भागातून पाणी वर चढतं आणि झाडाचा साठाही त्यातच असतो, म्हणून बुरशी आणि वाळवी पहिल्यांदा तिथंच लागते. आतला गडद रंगाचा गाभा, विशेषतः सागाचा, त्यांना पटकन दाद देत नाही, कारण त्यात झाडानं आपलं तेल आणि औषधी द्रव्यं भरून ठेवलेली असतात. वाळवीनं पांढरं खाल्लं, नाल्याच्या वाळूनं चार पावसाळे घासलं, की उरतो तो नुसता गाभा. मूळ जमिनीत एखाद्या दगडाला वळसा घालून गेलेलं असेल, तर तो वळसा तसाच राहतो. फांदी फुटलेली जागा, म्हणजे गाठ, सगळ्यात कठीण, ती डोळ्यासारखी उठून दिसते. कारागिराला त्यात घालायचं काहीच नसतं. कुठं थांबायचं तेवढं कळायला लागतं. फार कोरलं की लाकूड हातचं गेलं.

लाकडावर एवढं लिहिलं, कारण पोलिसाबद्दल आपण दोनच गोष्टी बोलतो. एक त्याची काठी, दुसरं त्याचं हौतात्म्य. मधला जो माणूस असतो, जो रात्री उशिरा घरी येऊन पॉलिश पेपर घेऊन बसतो, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. आणि त्या घरात आणखी एक माणूस असतं, तिच्याबद्दल तर नाहीच नाही.

करकरे मुंबईचे म्हणून ओळखले गेले तरी मूळ आपल्या शेजारचे. १२ डिसेंबर १९५४ चा जन्म. प्राथमिक शाळा वर्ध्याची, चित्तरंजन दास नगरपालिका शाळा. पुढं तिथंच न्यू इंग्लिश हायस्कूल. म्हणजे नगरपालिकेच्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवलेला मुलगा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९७५ साली यांत्रिकी शाखेचे अभियंता झाले. काही काळ राष्ट्रीय उत्पादकता परिषदेत आणि मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी. पगाराची, सुखाची नोकरी म्हणा. ती सोडून १९८२ च्या तुकडीतून भारतीय पोलीस सेवेत आले. चंद्रपूर ही त्या नोकरीतली अगदी सुरुवातीच्या वर्षांतली मोठी जबाबदारी.

तो काळ आपल्या दोन्ही जिल्ह्यांना अवघड होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, आणि त्याच सुमारास नक्षलवाद्यांची दलमं गोदावरी-प्राणहिता ओलांडून आपल्या जंगलात पाय रोवू लागली होती. १९९० साली गडचिरोलीत के. पी. रघुवंशी अधीक्षक असताना सी-६० हे पथक उभं राहिलं. स्थानिक पोरांचं, गोंडी-माडिया बोलणारं. (योगायोग बघा, मुंबईत करकरे गेल्यावर दहशतवादविरोधी पथकाची सूत्रं याच रघुवंशींकडे आली.) इकडे चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, गोंडपिपरीची सीमा आंध्रला लागून. कोळसा खाणी, कागद गिरणी, संप, मोर्चे, आणि दुसऱ्या टोकाला जंगल. अधीक्षकाचं काम म्हणजे आज बल्लारपूर, उद्या सीमेवरचं ठाणं.

अशा अधिकाऱ्याच्या घरी काय चालत असतं, याचा अंदाज आपल्या गावच्या पोलिसदादाच्या घरावरून करायला हरकत नाही. बंगला असो की शिपायाचं क्वार्टर, बंदोबस्ताला हुद्दा कळत नाही. पोळा आला बंदोबस्त, गणपती आले बंदोबस्त, निवडणूक आली की आठवडाभर पत्ता नाही. बदलीचा कागद येतो तो शाळेचं सत्र बघून येत नाही. सामान बांधायचं तिनं, पोरांचे दाखले काढायचे तिनं, नव्या गावात किराणावाला शोधायचा तोही तिनंच. करकऱ्यांची तीन मुलं, जुई, सायली आणि आकाश. आणि कविताताई नुसत्या साहेबांच्या मिसेस नव्हत्या. त्या शिक्षकांना शिकवणाऱ्या. मुंबईत बी.एड. महाविद्यालयात प्राध्यापक होत्या. उद्याचे मास्तर जिथं घडतात तिथं त्या उभ्या राहायच्या.

चंद्रपूरनंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. करकरे सात वर्षं ऑस्ट्रियात होते, देशाच्या गुप्तवार्ता खात्यासाठी, म्हणजे 'रॉ'साठी. परत येऊन मुंबईत सहपोलीस आयुक्त, प्रशासन. जानेवारी २००८ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा तपास त्यांच्याकडे होता. त्यावरून तेव्हा बरंच राजकारण झालं, पुढंही होत राहिलं, आणि जुलै २०२५ मध्ये विशेष न्यायालयानं त्या खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. तो वाद या पानावर उकरायचा नाही. त्यासाठी शहरातली पानं पुष्कळ आहेत.

आता ती रात्र. करकरे दादरला घरी होते. फोन आला आणि निघाले. छत्रपती शिवाजी टर्मिनसला पोहोचले, तिथं जाकीट-हेल्मेट घातलं. पुढं कामा रुग्णालयाच्या बाजूला गेले. तिथल्या गल्लीतून जाणाऱ्या पोलिसांच्या क्वालिस गाडीवर अजमल कसाब आणि इस्माईल खान या दोघांनी गोळ्या झाडल्या. गाडीत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि शिपाई होते. शिपायांपैकी एकटे अरुण जाधव जिवंत राहिले. करकऱ्यांचा ५४ वा वाढदिवस सोळा दिवसांवर होता. तिघा अधिकाऱ्यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दर वर्षी नोव्हेंबरात मेणबत्त्या लागतात, शाळेत भाषणं होतात. मला सांगायचंय ते यापुढचं.

गुजरात सरकारनं मदतीची मोठी रक्कम जाहीर केली होती, ती कविताताईंनी घेतली नाही. शोक करत घरात बसून राहिल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो अगदी साधा होता. माझ्या नवऱ्याच्या अंगात जाकीट होतं, ते कुठं आहे? ते कसलं होतं, त्यानं काम का केलं नाही?

बघा, जाकीट म्हणजे सरकारी वस्तू. खरेदी झाली, नोंदवहीत चढली, अधिकाऱ्याच्या अंगावर गेली, त्याच्या देहाबरोबर रुग्णालयात पोहोचली. तिथून ती नाहीशी झाली. माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं की जाकीट सापडत नाही. ज्या फाइलवर या जाकिटांची खरेदी झाली, तिचाही काही काळ पत्ता नव्हता. शांतताकाळातल्या देशातल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या मानकऱ्याची ही गत. कामटे साहेबांच्या पत्नी विनिता कामटे यांनाही त्या रात्रीच्या वायरलेस संदेशांच्या नोंदी मिळवायला माहितीच्या अधिकाराचाच आधार घ्यावा लागला, आणि त्यातून त्यांनी २००९ मध्ये पुस्तक लिहिलं.

ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील मंडळींनो, तुमच्यापैकी अनेकजण हे पान वाचता म्हणून मुद्दाम लिहितो. वाघाच्या हल्ल्यात गेलेल्या माणसाची बायको, वीज पडून गेलेल्या गुराख्याची बायको, कर्जापायी फाशी घेतलेल्या शेतकऱ्याची बायको तुमच्या टेबलापुढं येऊन उभी राहते. तिच्या हातात पिशवी असते, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. अमुक एक कागद कमी आहे, पुढच्या बुधवारी या, असं तिला सांगितलं जातं. अधीक्षकाच्या, शिकलेल्या, मुंबईत राहणाऱ्या पत्नीला 'सापडत नाही' हे उत्तर मिळू शकतं, तर भामरागडहून दोन बस बदलून आलेल्या बाईला काय मिळत असेल, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

कविताताई बोलत राहिल्या. पोलिसांना चांगली जाकिटं द्या, हत्यारं द्या, सराव द्या, असं जाहीरपणे मागत राहिल्या. ते त्यांच्या घरातल्या माणसाला आता उपयोगी पडणार नव्हतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात होत्या. २९ सप्टेंबरला त्या गेल्या. मुलांनी आईची दोन्ही मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे दान केले. सहा वर्षांपूर्वी बाप गेलेला, आता आई जाते आहे, आणि त्या वेळी मुलं कागदावर सही करतात की आईचं जे दुसऱ्याच्या कामी येईल ते घ्या. यावर मी काही लिहू शकत नाही. एक माहिती मात्र देऊन ठेवतो, कारण आपल्याकडे याबद्दल गैरसमज फार. मूत्रपिंड, यकृत हे मेंदू मृत झाल्यावर मोठ्या रुग्णालयातच काढता येतं. डोळ्यांचं तसं नाही. माणूस घरी गेला तरी साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकतं. चेहरा विद्रूप होत नाही. पुढच्या जन्मी आंधळा होतो वगैरे जे बोललं जातं, ते ऐकून सोडून द्यावं.

मोठ्या मुलीनं, जुई करकरे-नवरे यांनी, २०१९ साली वडिलांवर इंग्रजीत आठवणींचं पुस्तक लिहिलं. तालुक्याच्या वाचनालयांनी मागवायला हरकत नाही. आपल्या जिल्ह्यात राहून गेलेल्या कुटुंबाचं पुस्तक आहे.

आता मुंबईहून घरी येऊ. आपल्या मातीतली अशी कुटुंबं किती? एकट्या २००९ सालाचं बघा. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ १५ पोलीस गेले. २१ मे रोजी त्याच तालुक्यात हत्तीगोट्याला १६ गेले, त्यात पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबरला भामरागडच्या लाहेरीजवळ १७. एका वर्षात तीन ठिकाणी ४८ घरं. पुढं १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेड्याच्या जांभूळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान गेले आणि त्यांच्याबरोबर गाडीचा चालक. चालक पोलीस नव्हता, भाड्याची खासगी गाडी होती. त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत होतं. खबऱ्या ठरवून मारलेले पोलीस पाटील आणि साधे गावकरी या हिशेबात धरलेच नाहीत.

माझं काम पेरणी, खतं, बीजप्रक्रिया यांचं. धानपट्ट्यात आणि जंगलपट्टीत हिंडताना मला एक गोष्ट कायम दिसते. प्रात्यक्षिकाच्या यादीत नाव पोलिसदादाचं असतं, कारण सातबारा त्याच्या नावावर. तो असतो पोलीस मदत केंद्रात, पन्नास-साठ किलोमीटर आत. बांधावर उभी असते वहिनी. मिठाच्या पाण्यात धान घोळून तरंगलेलं पोचट बाजूला काढायचं शिकते ती, परे टाकते ती, रोवणीला बाया जमवते ती. यादीवर सही कुणाची घ्यायची, हा प्रश्न मला दर हंगामात पडतो. आणि जो जवान एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावचा, त्याची गोष्ट आणखी वेगळी. धमक्यांमुळे कित्येक घरांना गाव सोडावं लागलं. बायको-पोरं गडचिरोलीत भाड्याच्या खोलीत, गावची जमीन बटईनं कुणाकडे तरी, आणि पोळ्याला स्वतःचे बैल बघायलाही जाता येत नाही. वहिनीचं दुःख यापेक्षा जास्त बांधाचं असतं, असं माझं निरीक्षण आहे. कोण धुरा कोरतंय, पाणी कोण वळवतंय, कळायला मार्ग नाही.

दिवस बदलताहेत, हे खरं. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढं शस्त्रं खाली ठेवून आला. ज्या वाटेनं संध्याकाळनंतर कुणी जात नव्हतं, त्या वाटेवर आता बस धावते. काही कुटुंबं गावी परतायचा विचार करताहेत. आणि नेमकं आत्ताच जमिनीच्या कागदांचं बघायला हवं, कारण वीस-पंचवीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाच्या सातबाऱ्यावर पीकपाहणीला कुणाचं नाव लागलंय, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

तर कामाची गोष्ट अशी. घरातला खातेदार गेला असेल, तर वारस नोंदीची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. उशीर झाला तरी नोंद होते, घाबरून बसू नका. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि नातं, सातबारा व आठ-अ एवढं घेऊन जा. आता ई-हक्क प्रणालीवर संगणकावरूनही अर्ज करता येतो, सेवा केंद्रात भरून मिळतो. अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरू नका. तोंडी 'झालं, या आता' यावर विसंबू नका. बाईनं पोच मागितली म्हणून रागावणारा कर्मचारी भेटला, तरी पोच घेऊनच उठा. त्या पोचेवर तारीख असते, आणि पुढं माहितीच्या अधिकारात विचारायची वेळ आली तर तीच तारीख कामाला येते.

आणि पोलिसातल्या भावांनो, हे तुमच्यासाठी. नवऱ्यानं हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय लक्ष्मीमुक्ती योजनेत आहे. शासनाचा हा निर्णय १९९२ चा, म्हणजे करकरे साहेब चंद्रपूरला होते जवळपास त्याच काळातला. त्याला मुद्रांक लागत नाही, खरेदीखत लागत नाही. नवऱ्यानं स्वखुशीनं तहसीलदारांकडे अर्ज करायचा, एवढंच. जमीन जाते कुठं? घरातच राहते. पुढची रजा मंजूर झाली की आधी तहसीलला जा, मग सासुरवाडीला. दोघं मिळून गेलात तर तलाठ्याला चौकशीही एकदाच करावी लागेल.